पुढे एक, मागे चार

मुकुंद सरांपुढे फार काळ अडून बसेल असं यंत्र अजून जन्माला यायचंय! हे वाक्य माझंच. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि हे वाक्य मी सोलापुरात बाळीवेशीत, सासुरवाडीच्या भरल्या पंगतीत, शेंगाचटणीत दही कालवता कालवता उच्चारलं. शेजारी बसलेल्या बायकोनं, सिद्धेश्वरीनं, मला कोपर मारलं. पण तोवर उशीर झाला होता.

विषय होता अप्पांच्या जुन्या डिझेल गाडीचा. अप्पा म्हणजे माझे सासरे, सिद्धलिंगप्पा, भुसार मालाचे जुने व्यापारी. सासूबाई होत्या तोवर दर सोमवारी दोघं या गाडीतून देवळात जायचे. सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ गाडीचा गिअरबॉक्सही गेला. तरी अप्पा रोज संध्याकाळी त्या बंद गाडीत जाऊन बसत. शेजारच्या सीटवर मात्र कुणाला बसू देत नसत.

"अप्पा, ती आता उठत न्हाय," माझा मेहुणा सोमशेखर म्हणाला. "जागा अडलीय नुसती. रविवारी भंगारवाला येतोय, मी सांगून ठेवलंय."

अप्पांचा हात ताटातच थांबला. ते बघून माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

"असं म्हणता दाजी?" सोमशेखर हसला. "मग रविवारी टेम्पो यायच्या आत गाडी स्वतःच्या चाकावर दारात आणा. आणली तर ठेवू. टोचन लावून वढत आणली, तर तशीच टेम्पोत चढवू."

अप्पा माझ्याकडे बघू लागले. पेशंटचे नातेवाईक डॉक्टरकडे बघतात, तसं. मी छाती पुढे काढली आणि "चालेल!" म्हणालो.

गाडी टोचन लावून अक्कलकोट रोड एमआयडीसीत अजिनाथ मिस्त्रीच्या गॅरेजला नेली. अजिनाथ मूळचा माळशिरसचा. 'होत नाही' हा शब्द त्याला माहीत नव्हता, आणि हीच पुढे मोठी अडचण ठरली.

या गाडीचा गिअरबॉक्स कंपनीनं कधीच बंद केला होता. सोलापूर पालथं घातलं, नाही मिळाला. शेवटी अकलूजला एका जुन्या बाजारात दुधाचा एक मोडीत काढलेला पिकअप सापडला.

"त्याचा गिअरबॉक्स हिला बसेल?" मी विचारलं.

"बसवायचा म्हनलं की बसतंय की सर!"

बसत नव्हता. इंजिनाची भोकं एकीकडे, गिअरबॉक्सची दुसरीकडे. मग शेजारच्या मागाच्या कारखान्यात, जिथं चादरीच्या मागांचे सुटे भाग बनतात, तिथं मधली जाड लोखंडी चकती कातून घेतली. ती इतकी नेमकी बसली की मी अजिनाथला मिठी मारली आणि माझा शर्ट कायमचा गेला. पण आता पुढचं जुळलं तर मागचं जुळेना! म्हणून पिकअपचा मागचा गोळाही आणला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचं एक घमेलं दिसतं ना, तो गोळा. इंजिनाचा फिरका तोच चाकांना देतो.

गोळ्यावर स्प्रिंगच्या पाट्या टेकवायच्या बैठका वरच्या बाजूला होत्या. आपल्या गाडीला हव्या होत्या खालच्या बाजूला. अजिनाथ डोकं खाजवत बसला. शनिवार मावळत आला होता आणि माझ्या डोळ्यांसमोर भंगारवाल्याचा टेम्पो उभा राहत होता.

"अजिनाथ!" मी ओरडलो. "पालथा घाल!"

"कुनाला?"

"गोळ्याला! डावी बाजू उजवीकडे कर, पालथा घाल, बैठका आपोआप खाली!"

अजिनाथनं माझ्याकडे भक्तिभावानं पाहिलं. "सर, तुमी मास्तर कशाला झाला वो?"

गोळा पालथा बसला. त्याचं तेल काढायचं भोक वर आलं. "बेष्ट झालं," अजिनाथ म्हणाला, "आता गळायचं भ्याच न्हाय!" मग गाडी जॅकवर चढवली, इंजिन चालू केलं, गिअर टाकला. चाकं गरगर फिरली! मागावरचे कामगार बघायला आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चाकं कुठल्या दिशेला फिरतायत हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. एका विज्ञान शिक्षकालासुद्धा.

रविवारी सकाळी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला. लिंबू जागच्या जागी राहिलं आणि गाडी मागं जाऊन गॅरेजच्या पत्र्यावर आदळली!

"सर, रिव्हर्स पडला वाटतं," अजिनाथ म्हणाला.

मी दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागं! तिसरा आणि चौथा टाकायची छाती झाली नाही. मग हळूच रिव्हर्स टाकला. गाडी अदबीनं पुढे आली आणि लिंबू चिरडून थांबली.

गोळा पालथा घातला की चाकांची दिशा उलटते, हे मला त्या क्षणी लख्ख समजलं. आमच्या गाडीला आता पुढे जायला एक गिअर होता आणि मागे जायला चार!

गोळा पुन्हा सुलटा करून बसवायला अख्खा दिवस हवा होता. इतक्यात सिद्धेश्वरीचा फोन आला. "अहो, टेम्पो आला! सोमू घाई करतोय. अप्पा नवं धोतर नेसून मघापासून दारात उभे आहेत. येताय ना?"

"निघालोच," मी म्हणालो आणि अजिनाथला शेजारी बसवलं.

रिव्हर्समध्ये पुढे निघालो. गाडी कण्हत होती, वेग असा की सायकलवरचे कामगार मागे टाकून जात होते. रिव्हर्सचा मागचा पांढरा दिवा सारखा पेटलेला, त्यामुळे मागच्यांना वाटे, आता ही अंगावर येणार! रिक्षावाले शिव्या देत मागे सरत होते. तीस वर्षांची सवय, शांती चौकात थांबलो की माझा हात आपोआप पहिल्या गिअरकडे जायचा. शेवटी अजिनाथनं दोन्ही हातांनी माझा हात रिव्हर्सवर दाबून धरला. लग्नातसुद्धा कुणी माझा हात इतका घट्ट धरला नव्हता. कन्ना चौकात इंजिनातून वाफ निघू लागली. मी चढावर मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला साकडं घातलं. आपली फजिती झाली तर होऊ दे, पण अप्पांसमोर गाडी बंद पडू नये, एवढंच मागितलं.

आणि आलो! स्वतःच्या चाकावर, तोंड पुढे करून, अप्पांच्या दारात! सिद्धेश्वरीनं डोळ्यांना पदर लावला. भंगारवाला टेम्पोतून ओरडला, "क्या अप्पा, ये तो चलती है! मेरेकू फुकट बुलाये!" आणि तो निघून गेला.

अप्पा गाडीभोवती फिरले. मागे जाऊन थांबले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी त्या पांढऱ्या दिव्यावर टाकला. माझ्या खिडकीशी येऊन ते हळूच म्हणाले, "जावईबापू, कोपऱ्यावरनंच रिव्हर्सचा आवाज वळीकला. आता मुकाट इंजिन बंद करा अन् उतरा. कुनाला सांगू नगा."

मी आणि अजिनाथ उतरलो. अप्पा स्टिअरिंगमागे आपल्या जागी जाऊन बसले आणि आज पहिल्यांदाच त्यांनी शेजारच्या सीटवर सिद्धेश्वरीला बसवलं. मला गलबलून आलं.

ते बघून सोमशेखरही विरघळला. "चुकलं दाजी," तो म्हणाला. "मानलं तुमाला! अप्पा, तुमी मागं बसा. आई जायची त्या देवळात आज मीच नेतो तुमाला!"

"सोमू, थांब!" मी, अप्पा आणि अजिनाथ एकदम ओरडलो.

पण तो भावनेच्या भरात होता. अप्पांना मागच्या सीटवर बसवून स्टिअरिंगमागे बसलासुद्धा! किल्ली फिरवली, जोरात ॲक्सिलरेटर दाबला आणि पहिला गिअर टाकला.

मागे त्याची नवी कोरी गाडी उभी होती. परवाच शोरूममधून आणलेली, हार अजून सुकला नव्हता. धाडकन आवाज झाला आणि तिचं नाक पार दुमडलं. अप्पांच्या गाडीच्या लोखंडी बंपरला ओरखडासुद्धा नव्हता.

सोमशेखर उतरला. आपल्या गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यानं खिशातून फोन काढला.

"अप्पा, बास झालं! मी भंगारवाल्याला आत्ताच्या आत्ता परत बोलावतो!"

अप्पा मागच्या सीटवरून, सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच, मोकळेपणानं हसले.

"बोलव की," ते म्हणाले. "पन कुटली गाडी न्यायची, ते नीट सांग त्याला."