दाजी पेंटरचे चौकोन

दाजी पेंटरच्या फोनमध्ये माणूस असा एकही नव्हता. सगळ्या होड्या होत्या. दामू तिथे "सातेरी प्रसाद" होता, अंकुश "रवळनाथ प्रसाद" होता, इब्राहिमचाचा "अल मदिना" होते. आमचे डॉक्टर गुडघाभर पाण्यातही उतरत नाहीत, तरी त्यांना दाजींनी "दर्यादौलत" करून ठेवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर बसून खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"तुझी होडी खंयची?"

"दाजीनू, माझा मोबायलचा दुकान. माका होडी कित्याक व्हयी?"

"मगे तुका घालू खंय?" त्यांनी डोकं खाजवलं. "जलराणी रिकामी आसा. मोडून तीन वर्सां झाली. नाव बरा आसा. तू वापर."

तेव्हापासून मी जलराणी. माझ्या बायकोला हे फार आवडलं. महिनाभर ती मला त्याच नावाने हाका मारत होती.

दाजी मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांवर नावं रंगवायचे. चाळीस वर्षं तेच काम. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या असत. नारळी पौर्णिमा जवळ आली की झापं निघत आणि दाजी डबे-ब्रश घेऊन वाळूत उतरत. पोटावर झोपून, मांडी घालून, कधी बायकोने पोळपाटावर वाकावं तसे वाकून ते अक्षरं काढत. स्वतः मात्र आयुष्यात कधी होडीत चढले नाहीत. त्यांना होडी लागायची. "मी नाव घालतंय. फुडे दर्या आणि ते," एवढंच म्हणायचे.

आणि कशालाही त्यांचं एकच उत्तर होतं: "रंग सुकांदे," म्हणजे आधी सुकू दे. घराची कौलं गळतात, कधी बदलणार? रंग सुकांदे. मत कुणाला देणार? रंग सुकांदे. मला मुलगी झाली म्हणून पेढा घेऊन गेलो तर ब्रशवरची नजर न काढता म्हणाले, "रंग सुकांदे, मगे खातंय." दोन तासांनी दुकानात येऊन पेढा मागून घेतला आणि मुलीला होडी कुठली म्हणून विचारलं.

अलीकडे शहरातून चिकटवायची छापील नावं यायला लागली होती. चकचकीत, रात्री उजेड पडला की चमकणारी. दाजींना त्यांचा भयंकर राग. "नाव काय टिकली, चिकटवूक?" असं म्हणून ते थुंकायचे. पण तरुण मालक तीच घेत होते हे त्यांनाही दिसत होतं. किनाऱ्यावर दर वर्षी दाजींच्या हाताची नावं कमी होत होती, आणि ते मोजत नाहीत असं दाखवून मोजत होते.

त्यांचा जुना फोन बटणांचा. बटणांवर क, ख, ग छापलेलं. त्यावरून ते होडीमालकांना मेसेज पाठवायचे, नेहमी तोच: "रंग सुकलो. लोटा." म्हणजे होडी पाण्यात ढकला. फोन करायचे तरी हेच तीन शब्द बोलून बंद करायचे. समोरच्याने काही विचारायच्या आत.

फोनमध्ये होडीचं नाव न मिळालेला एकच माणूस होता, त्यांचा मुलगा नंदू. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, घरात दाजी एकटे. नंदू मालवाहू जहाजावर खलाशी. जहाज बंदराला लागलं की तिथलं सिमकार्ड घ्यायचा, त्यामुळे नंबर दर वेळी नवा. "झीलाची होडी कायम भायर. नाव खंयच्या नंबरार घालू?" दाजी म्हणायचे. पण मेसेज तोच असायचा, मालवणीत: "बरो आसंय. जेवलंय." बापासारखाच, तीन शब्दांच्या वर खर्च नाही. फोनवर बोलायचा तेही तेवढंच. काही मोठं सांगायचं असेल तर तोंडाने सांगायला त्याला धीर व्हायचा नाही, मग तो लांबलचक मेसेज लिहायचा.

दोन हजार दहाच्या पावसाळ्यात नंदूने जहाजावरच्या एका मित्राबरोबर बापाला नवा फोन पाठवला. बटणंच नाहीत, सगळी काच. बोटाने सरकवायचा. दाजी तो रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले.

"ह्यातल्यो होडयो त्यात घाल."

इथे माझी चूक झाली, ती सांगतो. एसटीडी बूथपासून झेरॉक्सपर्यंत आणि झेरॉक्सपासून रिचार्जपर्यंत आलेला माणूस मी. मला वाटायचं यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं. दोन्ही फोनची आतली यंत्रणा वेगळी, आम्ही दुकानदार तिला ऐटीत ओएस म्हणतो, एकीतलं दुसरीत आपोआप जात नाही. पण मी कॉम्प्युटरला वायर लावली, अर्ध्या तासात सगळे नंबर इकडून तिकडे नेले, दाजींना चहा पाजला आणि उदार मनाने सांगितलं, "घेवा दाजीनू. एक होडी मागे ऱ्हवली नाय."

दाजींनी काच उघडली. यादी होती, नंबर होते. नावांच्या जागी नुसते चौकोन. रिकामे, उभे, एकाला एक चिकटलेले. वरपासून खालपर्यंत.

त्या यंत्रणेला तेव्हा देवनागरी येतच नव्हतं. मी हे आधी बघायला हवं होतं आणि मी बघितलं नव्हतं.

दाजी बोटाने यादी वर सरकवत राहिले. तळाशी पोचल्यावर म्हणाले, "सुन्या, सगळ्यो बुडाल्यो रे."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. म्हटलं, सिमकार्ड परत जुन्या फोनात घाला, संपलं. तर नको. "झीलान धाडल्यान. तो इचारतलो, फोन वापरतास मां? मगे तेका काय खोटा सांगू?" बरं, मी नावं इंग्रजी अक्षरांत घालून देतो. तर ती त्यांना वाचता येत नव्हती. मग एक, दोन, तीन असे आकडे घालू? यावर ते चक्क दुखावले. "होडयेक नंबर सरकार देता. नाव आमी देतो."

आणि नवा फोन घेऊन घरी गेले. हट्टी माणूस. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी ते आले ते शोध लावून. "सुन्या, ह्यो फोन पेंटरासारखो आसा." मला काही कळेना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. प्रसाद लिहायला अक्षरं तीन, पण चौकोन सहा. कारण फोन प वेगळा धरत होता, पाय मोडलेली खूण वेगळी, र वेगळा, काना वेगळा. "आमी पण काना मागसूनच ओढतो," दाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दोन कारागीर भेटल्याचं समाधान होतं. दोन रात्री जागून त्यांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांचे चौकोन पाठ केले होते. पाच, गॅप, सहा: भगवती प्रसाद. दोन, गॅप, पाच: अल मदिना. मी, जलराणी, नुसते सहा.

मी कौतुक केलं. कबूल करतो, सुटल्यासारखंही वाटलं.

पण सातेरीचे चौकोन सहा आणि रवळनाथचेही सहाच. आणि प्रसाद दोघांनाही.

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी अंकुशच्या रवळनाथचं आदल्या दिवशी काढलेलं नाव सुकलं. शेजारीच दामूची सातेरी उभी होती, तिचं नाव त्याच सकाळी काढलेलं, अगदी ओलं. दाजींनी सहा-गॅप-सहा बघून फोन लावला, "रंग सुकलो. लोटा," म्हणाले आणि बंद केला. तो लागला दामूला. दामू दहा गडी घेऊन आला, सगळ्यांनी होडीला खांदे लावले आणि देवाचं नाव घेऊन ढकललं. होडी पाण्यात गेली. सातेरी दहा खांद्यांवर वाटली गेली. कुणाच्या शर्टवर काना, कुणाच्या मानेवर वेलांटी. तिकडे अंकुश वाट बघत बसला आणि त्याची भरती चुकली.

सगळा किनारा हसत होता. दामू हसत नव्हता. नव्या मोसमाच्या तोंडावर नाव पुसलेली होडी पाण्यात घालणं म्हणजे अपशकुन. तो दाजींना काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने शहरातून छापील नाव आणून चिकटवलं. अंकुशने पुढल्या वर्षीचं सांगतो म्हणून सांगितलं. सांगतो म्हणजे काय ते दाजींना कळत होतं.

संध्याकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले. हातावर भगवा रंग तसाच होता. "चाळीस वर्सां," ते म्हणाले. 

माझा तोल गेला. म्हटलं, "दाजीनू, ह्यो फोन फेकून देवा आणि जुनो घेवा. नंदूक मी सांगतंय. धंदो बुडाक लागलो तुमचो."

तेवढ्यात काच उजळली. दाजींनी ओणवं होऊन बघितलं. "तीन, चार, टिंब. सहा, टिंब," ते पुटपुटले आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "बरो आसा. जेवलो."

त्यांना उत्तर लिहिता येत नव्हतं, नव्या फोनात देवनागरीच नव्हतं. मीच मागे शिकवलं होतं की आकडा पाठवा. एक म्हणजे मीही जेवलो. दाजींनी अंगठ्याने जपून १ चा इंग्रजी आकडा दाबला आणि पाठवला.

चतुर्थीला आठ दिवस राहिले तेव्हा लांब मेसेज आला. दाजींनी मला दुरूनच दाखवला. काचभर चौकोन, खाली सरकवलं तरी चौकोनच.

मी म्हटलं, यात काय अवघड आहे? हा माझ्या फोनवर पुढे पाठवा, माझ्या फोनात मराठी दिसतं, मी वाचून दाखवतो. मी हात पुढे केला.

दाजींनी फोन मागे घेतला. दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"नको."

"कित्याक नको?"

"गेली तीन वर्सां चवतीच्या आधी अशीच लांब चिठी येता. रजा गावूक नाय, फुडल्या वर्साक नक्की. तिनूय मी वाचलंय." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "ही वाचूक नाय. ह्येच्यात काय आसा ता माका ठावक नाय मां? मगे 'येतंय' असापण लिवलेला आसात."

मी हात मागे घेतला. इतके दिवस हा माणूस हट्टी म्हणून मी त्याच्यावर चिडत होतो. जुना फोन घरात चार्ज करून ठेवलेला होता, सिमकार्ड बदलायला दोन मिनिटं लागली असती. धंदा गेला तरी त्यांनी ते का बदललं नाही हे मला तेव्हा कळलं, आणि मला माझीच लाज वाटली.

"रंग सुकांदे," जाताना ते म्हणाले.

एरवी गणपती मूर्ती घडवणाऱ्या शाळेतून डोक्यावरून आणायचा तो नंदूने. दाजींचे गुडघे कामातून गेलेले. गेली तीन वर्षं ते चतुर्थीच्या चार दिवस आधी मला सांगून ठेवत, आणि गणपती मी आणत असे. त्या वर्षी चार दिवस राहिले, दोन राहिले, तरी सांगायला आले नाहीत. समोरून गेले, बोलले, गणपतीमागची भिंत रंगवली म्हणाले. गणपती कोण आणणार हे काही म्हणाले नाहीत.

आदल्या दिवशी माझ्या दुकानात नंदूचा फोन आला. आवाज तुटत होता. "बाबांनी मेसेज वाचलो मां? माका सोडणत नाय रे. तेंका तू समजाय."

"मेसेज पोचलो," मी म्हटलं. ते खरं होतं. त्यापुढचं समजावण्याचं काम मी केलं नाही. माझ्याने होईना.

चतुर्थीला सकाळी मी न बोलावता दाजींच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. डोक्यावर चुंबळ घेऊन. ते ओट्यावर धुतलेलं धोतर नेसून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. कोपऱ्यातली काठी घेऊन ते उठले.

"चल," म्हणाले.

शाळेतून गणपती घेतला. दाजींचा गणपती नेहमी शेवटी रंगायचा, कारण डोळ्यांची आखणी ते स्वतः करत, चतुर्थीच्या पहाटे जाऊन; त्या दिवशीही करून आले होते. मी मूर्ती डोक्यावर घेतली आणि पाणंदीतून चालायला लागलो. दाजी मागून येत होते. वाटेत त्यांच्या खिशात फोन वाजला.

मला मान वळवता येत नव्हती. त्यांची पावलं थांबल्याचं ऐकू आलं.

"लांब आसा काय?" मी विचारलं.

 मग ते हळू मोजत असल्याचं ऐकू आलं. तीन. चार. सहा.

"नाय. बारकोच आसा," दाजी म्हणाले. "जेवलो तो."

फोनचं बटण दाबल्यासारखा बारीक आवाज आला. त्यांनी एक पाठवला असावा. पूजा व्हायची होती, तोंडात पाण्याचा थेंबही नव्हता त्यांच्या.

काठी पुन्हा टेकत टेकत ते माझ्या मागे आले आणि त्यांनी एक हात माझ्या पाठीला लावला.

"सांबाळून चल," ते म्हणाले. "डोळे अजून ओले आसत."