उलटा धबधबा आणि गोगलगायींची आमटी

एका जंगलात एक घोरपड राहत होती, असं मी म्हणणार होते. पण मुलांनो, ती तिथं राहत नव्हती. तिचे आईवडील राहत होते. ती स्वतः सात डोंगर आणि दोन समुद्र ओलांडून थंड जंगलात शिकायला गेली होती. काय शिकायला, ते विचारू नका. तिच्या आईलाही नीट सांगता येत नसे. आई सगळ्यांना "पुढचं शिकतेय" एवढंच सांगे आणि ऐकणारे समजल्यासारखी मान डोलावत.

तिचं नाव शर्वाणी.

थंड जंगलात बर्फ पडू लागलं, शाळेच्या ढोलीचं दार उघडेना, म्हणून सुट्टी जाहीर झाली. शर्वाणी घरी निघाली. तेव्हा लांबचा प्रवास करकोच्यांच्या पाठीवरून करत. एक थवा सकाळी लखलखपूर नावाच्या शहरात उतरवून देई. दुसरा थवा सूर्य मावळताना तिथून घराकडं सुटे. तो चुकला तर पुढचा थेट पंधरा दिवसांनी. म्हणजे सुट्टीच संपली.

पण मधला अख्खा दिवस मोकळा होता. आणि लखलखपुरात उलटा धबधबा होता.

या धबधब्यात पाणी खालून वर चढायचं. टोकाला पोचलं की क्षणभर थांबायचं, गोल फिरायचं आणि नाहीसं व्हायचं. शर्वाणीच्या वर्गातल्या प्रत्येकानं तो पाहिला होता. एका बेडकानं तर तीनदा पाहिला होता आणि ते तो दर जेवणाला सांगायचा. शर्वाणीला आयुष्यात फारसं काही नको होतं. एकदा तो धबधबा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, आणि त्या बेडकाला "हो, पाहिलाय" म्हणायचं, एवढंच.

निघायच्या आदल्या सकाळी कुटुंबाचा पोपट आला. या पोपटाचं काम सगळ्या नातलगांचे निरोप सगळ्या नातलगांना सांगायचं. आधी त्यानं चोचीतलं सुप्रभाताचं फूल ठेवलं. मग आईच्या आवाजात म्हणाला, "शरू, लखलखपुरात कुमुदमावशी असते. पाच मिनिटं डोकावून ये."

"कोण कुमुदमावशी?"

"माझ्या मामेबहिणीची नणंद. तू लहान असताना तिनं तुला मांडीवर घेतलं होतं."

"आई, मला धबधबा बघायचाय."

"धबधबा कुठं पळून जातोय? नातलगांना वाईट वाटतं. तुझं येणं मी कळवलंय तिला."

आईनं पोपटाला उत्तरंही पढवून पाठवली होती. पोपटाला घाई होती. त्याला अजून सदतीस घरी फूल ठेवायचं होतं.

तर मुलांनो, सकाळी शर्वाणी लखलखपुरात उतरली. काय ते शहर. झाडं काचेची. फांद्या आपोआप सरकणाऱ्या, वर उभं राहिलं की दुसऱ्या झाडावर नेऊन सोडणाऱ्या. पान गळलं तर जमिनीला टेकायच्या आत एक खेकडा ते झेलून नेई. उघड्यावर रवंथ करायला बंदी होती. गाई-म्हशी एका खोलीत जाऊन, दार लावून, चघळून बाहेर येत आणि तोंडावर असा भाव ठेवत की आपण काही केलंच नाही. पाऊस रोज जेवणानंतर अर्धा तास पडे आणि थांबताना घंटा वाजवी.

चौकात पाटी होती. उलटा धबधबा, दोन सरकत्या फांद्या आणि एक पूल. दुपारचा पाऊस संपला की धुण्यासाठी बंद.

शर्वाणीनं हिशेब केला. मावशीकडं पाच मिनिटं. बरं, पाव तास. मग धबधबा. सूर्य नुकता वर आला होता.

कुमुदमावशी दारातच उभी होती. शेजारी दिगंबरकाका, म्हणजे मावशीचे यजमान.

"आलीस? कुठून आलीस?" काकांनी विचारलं.

"पुलावरून."

"पुलावरून कशाला? खालून यायचं. पुलावरून कोणी येत नाही."

"पोचले ना पण, काका."

"पोचलीस, पण चुकीची पोचलीस," काका म्हणाले. त्यांनी तिला बसवलं आणि बरोबर कसं पोचायला हवं होतं ते वाळूत रेघा ओढून दाखवलं. चार रेघा झाल्यावर त्यांना पाचवी, आणखी जवळची वाट सुचली.

तोवर मावशीनं पोहे आणले. वाळवीचे. वर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड.

"मावशी, मी करकोच्यावर खाल्लंय."

"करकोच्यावरचं काय खाणं ते."

शर्वाणीनं पोहे खाल्ले. चांगले झाले होते. ज्या मुलींचं नुकतंच लग्न झालंय त्यांना ही बैठक पाठ असते. त्यांना एका आठवड्यात सात घरी पोहे खावे लागतात आणि सातही घरी "इतके मोकळे कसे होतात हो तुमचे?" असं पहिल्यांदाच सुचल्यासारखं विचारावं लागतं. शर्वाणीचं लग्न झालं नव्हतं, पण तिनंही विचारलं. ही चूक होती. मावशीनं कृती सांगितली. वाळवी कुठून आणावी, कुठून आणू नये आणि तिची जाऊ कुठून आणते.

"आता निघते," शर्वाणी म्हणाली. "उलटा धबधबा बघायचाय."

"मग घर बघायच्या आधीच?" मावशीला खरंच वाईट वाटलं.

म्हणून घर पाहिलं. हे स्वयंपाकघर. ही खिडकी. हा नळ, सोडला की पाणी येतं. नळ सोडून दाखवला. पाणी आलं. सगळे थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिले.

"आणि धबधबा इथनंच दिसतो," काका गच्चीत जाऊन म्हणाले. "ते पांढरं दिसतंय ना?"

"हो," शर्वाणी पुढं सरसावली.

"ते नाही. ती शेजाऱ्यांची चादर. तिच्या मागं."

चादर वाळत होती. मागं काहीतरी गाजत होतं. शर्वाणी चारी पायांवर उंच झाली, पण चादर मोठी होती.

घोरपडींचं एक असतं, मुलांनो. त्या चिकटल्या की सुटत नाहीत. पूर्वी म्हणे त्यांच्या कमरेला दोर बांधून कडे चढत. आता चढायला कडे उरले नाहीत. लखलखपुरात तर भिंतीही काचेच्या, पाय ठरत नाही. म्हणून तिथल्या घोरपडी पाहुण्यांना चिकटतात.

"आता मात्र निघते."

"न जेवता? तुझी आई काय म्हणेल? मी गोगलगायींची आमटी टाकलीये."

आमटीला वेळ लागतो. गोगलगायी स्वभावानंच सावकाश शिजतात. जेवण झालं, तोवर ठरल्या वेळी पाऊस आला. पावसात कोण जाणार. "जरा पड," मावशी म्हणाली. शर्वाणी पडली, पण तिचा एक डोळा उघडा होता. काका शेजारी बसून थंड जंगलात नोकऱ्या आहेत का, ते विचारत होते. पाऊस थांबल्याची घंटा वाजली तेव्हा ती ताडकन उठली.

"धबधबा बंद झाला असेल," ती म्हणाली.

"छे, धुवायला बंद करतात. धुऊन झाला की घटकाभर पुन्हा सोडतात," काका म्हणाले. "लोकांना माहीत नसतं. त्या वेळी गर्दीही नसते."

शर्वाणीला काकांच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढ्यात मावशी म्हणाली, "अहो, आपणही जाऊ हिच्याबरोबर. आपण तरी कुठं पाहिलाय?"

"तुम्ही पाहिला नाही?" शर्वाणीनं विचारलं. "इथं किती वर्षं आहात?"

"अकरा," मावशी म्हणाली. "म्हटलं, कोणी आलं की त्यांच्याबरोबर जाऊ. येतात गं, दर थव्याला कोणी ना कोणी येतं आपल्याकडचं. पण त्यांना घाई असते. पोहे, जेवण, एवढ्यातच दिवस संपतो त्यांचा." मग ती हळूच म्हणाली, "मला फार बघायचाय."

हे ऐकल्यावर शर्वाणीला एकटीनं पळून जाता येईना. ती दारात उभी राहिली. मावशी तयार होऊ लागली. काकांनी गॅस बंद आहे का पाहिलं. मग नळ. मग पुन्हा गॅस. मावशीनं शर्वाणीला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात शेजारीण चादर काढायला आली आणि "ही कोण, वसुधाची का?" म्हणून दारातच थांबली. ही वसुधाची नव्हती. मग वसुधाची कोण, ते निघालं. दारातलं बोलणं हे आतल्या बोलण्यापेक्षा नेहमी लांब असतं, कारण त्यात सगळे निघालेले असतात.

शर्वाणीनं आकाशाकडं पाहिलं. सूर्य काचेच्या झाडांच्या शेंड्याला टेकला होता.

"मावशी, थवा."

"अगं बाई. मग थांब, रिकाम्या हातानं जाऊ नकोस." मावशी आत पळाली आणि डबा घेऊन आली. आमटीचा. काठोकाठ. झाकण जुनं होतं, नीट बसत नव्हतं. "आडवा करू नकोस. धबधबा पुढच्या वेळी दोघी बघू."

"खालनं जा," काका ओरडले. "पुलावरून नको."

ती खालनं गेली. वाट खरंच जवळची होती. थवा उडता उडता तिनं गाठला.

करकोच्यानं शहरावरून एक गोल फेरी घेतली आणि मान वळवून म्हणाला, "प्रवासी मंडळी, डावीकडं खाली पाहा. जगप्रसिद्ध उलटा धबधबा. आत्ताच धुतलाय, म्हणून फार सुंदर दिसतोय."

सगळे डावीकडं वाकले. करकोचाही वाकला. शर्वाणीच्या मांडीवरचा डबाही वाकला. झाकणाच्या कडेनं आमटी आली आणि पुढं बसलेल्या सशाच्या पांढऱ्याशुभ्र पाठीकडं निघाली. शर्वाणीनं दोन्ही हातांनी डबा धरला, पोट लावलं, वरून हनुवटी दाबली. घोरपडीची पकड ती. एक थेंब सांडला नाही. मान मात्र उजवीकडं अडकली.

तिला ऐकू आलं. ससा म्हणाला, "अहाहा." कोणीतरी म्हणालं, "बघ, टोकाला कसं फिरतंय." मग करकोचा सरळ झाला आणि खाली समुद्र आला.

बऱ्याच वेळानं तिनं झाकण उघडून आमटी चाखली. उत्तम होती. रागवायलासुद्धा मावशीनं जागा ठेवली नव्हती.

घरी आई अंगणात उभी होती. "कसं होतं लखलखपूर?"

"आई, तो उलटा धबधबा आहे ना..."

"ते राहू दे. कुमुदनं आमटीत गूळ घातला होता का?"

"घातला होता."

"वाटलंच मला." आईनं डबा घासला, पुसला, उन्हात पालथा घातला. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तिनं तो नाकतोड्यांच्या चिवड्यानं गच्च भरला आणि शर्वाणीच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवला.

"हे काय?"

"डबा रिकामा परत देतात का कधी? जाताना थवा तिथं थांबतोच. पाच मिनिटं डोकावून ये."

तात्पर्य : मुलांनो, जग जरूर पाहावं. पण ज्या शहरात आपलं कोणी राहत नाही, असंच शहर पाहावं. आणि तसं ते आहे का, हे आईला चुकूनही विचारू नये. ती कोणीतरी शोधून काढते.