हलक्या हाताचे डॉक्टर

भाताचं पातेलं दारापर्यंत आलं आणि नेमकी तेव्हाच गाडीने मान टाकली.

"क्लच गेला," गाडीखालून दीर म्हणाला.

"गेला म्हणजे? येणार कधी?" वहिनीने विचारलं.

शाळेला सुट्टी लागली की आसपासच्या खेड्यांतल्या मुलांचं शाळेतलं जेवणही बंद व्हायचं. म्हणून उन्हाळाभर या घरातून जेवण जात असे. वहिनी रांधायची आणि दीर गाडी हाकायचा. आज टेकडीपलीकडच्या गावाची पाळी होती. भात, भाजी, उकडलेली अंडी, केळी, सगळं तयार होतं. या उन्हात दुपार टळली की भाजी आंबणार, आणि भरलं पातेलं परत आणणं वहिनीच्या स्वभावातच नव्हतं.

दिराने धावपळ करून दुसरी गाडी आणली. पांढरीशुभ्र, ऐसपैस, आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढी हसरी सुई रंगवलेली. लसीकरणाची गाडी.

"भावजी, ही?"

"वहिनी, दुसरी मिळत होती ती शेणखताची होती."

दवाखान्यातल्या सिस्टरने गाडी दिली होती, पण बजावून. भाजी सांडायची नाही, आणि संध्याकाळी गाडी परत, कारण उद्या तिलाच त्या गावात लस द्यायला जायचं होतं.

गावाच्या चौकात मुलांचा खेळ रंगात आला होता. गाडी वळणावर दिसली मात्र, चौकात फक्त चेंडू उरला. तोही उताराने पळत सुटला.

'पोरांनो, जेवायला या' असं ओरडण्यासाठी दिराने लाउडस्पीकर लावला. बटण भलतंच दाबलं गेलं.

"घाबरू नका! मुंगी चावल्यासारखं वाटेल!" सिस्टरचा भरून ठेवलेला आवाज गावभर घुमला. धडाधड दारांच्या कड्या लागल्या.

"बंद करा ते!"

"बंदच करतोय!" दिराने दुसरं बटण फिरवलं. आवाज दुप्पट झाला. शेवटी त्याने वायरच उपटली.

मुलं आली नाहीत, पण म्हातारी माणसं आली. एका आजोबांनी पांढरा ॲप्रन घातलेल्या वहिनीपुढे जीभ बाहेर काढली.

"डॉक्टरीणबाई, गुडघा फार दुखतो."

"मग जीभ कशाला काढलीत?"

"डॉक्टर दिसला की आपोआप निघते."

"जेवलात का?"

"नाही अजून."

"मग आधी जेवा."

आजोबा ताट घेऊन झाडाखाली बसले. वरच्या फांदीवरून नातीचा बारीक आवाज आला, "आजोबा, दुखतंय का हो?"

"भयंकर!" तोंडात अंडं घोळवत आजोबा म्हणाले. "अजून एक द्यायला सांग."

भाजीचा वास फांदीपर्यंत पोचला होता. नात खाली उतरली. तिने दोन्ही दंडांना टॉवेल गुंडाळून वर सुतळी करकचून बांधली होती.

"आधी जेवण की आधी सुई?"

"सुई नाहीच गं बाळा."

"म्हणजे नंतर," ती अनुभवी माणसासारखी म्हणाली. पोटभर जेवली, तोंड पुसलं, सुतळी सोडली, दंड पुढे केला आणि डोळे गच्च मिटले. "टोचा."

"अगं, खरंच नाही..."

"टोचा म्हणते ना! उगाच ताटकळत ठेवू नका!" तिचे ओठ थरथरायला लागले.

वहिनीने डोळ्यांनी खूण केली. दिराने नाइलाजाने दंडाला हलकासा चिमटा घेतला.

तिने एक डोळा उघडला. "झालं?"

"झालं."

"एवढंच?" आणि ती ओरडत सुटली, "ए, दुखत नाही रे!"

गोठ्यातून, माळ्यावरून, पाण्याच्या रिकाम्या टाकीतून मुलं बाहेर पडली. बघता बघता पातेलं रिकामं झालं. जेवलेलं प्रत्येक पोर दिरापुढे दंड धरून उभं राही आणि चिमटा घेतल्याशिवाय हलत नसे. एका पठ्ठ्याने तर दोन्ही दंडांवर घेतला.

परतताना वहिनी म्हणाली, "भावजी, उद्या खरी सुई बघून पोरं त्या बिचाऱ्या सिस्टरचं काय करतील हो?"

दीर एका हाताने गाडी हाकत दुसरा झटकत होता. त्याची बोटं आखडली होती.

दुसऱ्या दिवशी दीर क्लच बसवत गाडीखाली पडला होता आणि सिस्टर दारात हजर झाली. वहिनीने घाईघाईने पाणी पुढे केलं.

"काय जादू केलीत हो?" सिस्टर म्हणाली. "एक पोर पळालं नाही! बाह्या वर करून रांगेत उभी! टोचल्यावर रडली, पण सगळ्यांना लस देऊन झाली."

वहिनीचा जीव भांड्यात पडला.

"फक्त एक तक्रार आहे सगळ्यांची. म्हणे, तुमच्यापेक्षा कालचे डॉक्टर बरे, त्यांचा हात हलका आहे. पुढच्या वेळी त्यांनाच पाठवा, नाहीतर आम्ही येणार नाही." सिस्टरने पेला खाली ठेवला. "कोण हो हे डॉक्टर? मला भेटायचंय त्यांना."

वहिनीने गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे पाहिलं. पाय हळूच आत सरकले.

"डॉक्टर," गाडीखालून आवाज आला, "रजेवर आहेत."