मोठेबाबांच्या कानाशी लॅपटॉप

पुंडलिकराव सकाळी चहाची वाट पाहता पाहता गेले. दुपारपर्यंत अंगणात जमलेल्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की मयत आता उचलायला हवं. अडलं होतं ते गोपालच्या लॅपटॉपपायी.

आदल्या रात्रीच्या वादळानं नेर भागातली वीज गेली होती आणि गावातले मोबाईल सकाळपर्यंत एकेक करून बंद पडले होते. चार्ज उरला होता तो फक्त पुतण्या गोपालच्या लॅपटॉपमध्ये. तो ऑनलाइन शिकवण्या घ्यायचा, त्यामुळे नेटसाठी डोंगलही होतं. त्यावरूनच त्यानं जर्मनीत निकिताला कळवलं.

निकिता पुंडलिकरावांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, त्या दिवशी पुंडलिकरावांनी बजावलं, "ह्या घरात तिचं नाव निघालं नाही पाहिजे." निघालंही नाही. आता तिचं उत्तर आलं होतं, 'मले बाबाच्या कानात दोन शब्द बोलायचे हायेत. तोवर नेऊ नका.'

"जित्तेपणी बोलली नाही, आता काय बोलते?" शेजारचे भावसिंग पुटपुटले.

"बोलू द्या तिले," विमलताई नवऱ्याच्या उशाशी बसूनच म्हणाल्या. त्यांच्या शब्दापुढे त्या दिवशी कोणी बोलणार नव्हतं.

गोपालनं लॅपटॉप मोठेबाबांच्या, म्हणजे आपल्या थोरल्या काकांच्या, कानाशी ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावर निकिता आली. एक डोळा मिटलेला, एक उघडा, तोंड वासलेलं. आणि तशीच थिजली. थोड्या वेळानं आवाज आला, "बा… बा… बा… बा…"

"पोरीले झटका आला काय वं?" मागून एका म्हातारीनं विचारलं. तिच्या शेजारणीनं तेवढ्यावर हंबरडा फोडला.

गोपाल घाबरला. त्यानं झाकण मिटलं, पुन्हा उघडलं. आता निकिताची नुसती हनुवटी दिसू लागली.

"अबे, झाकण कायले लावलं?" पुरुषांत बसलेला जमीर धावत आला. नेरच्या स्टँडजवळ त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. "पुन्हा झोपवलं ना त्याले!"

"झोपलं तं उठलं ना आता."

"उठलं, पण पळत नाही. थैलीत गरम होते, बॅटरी टिकत नाही, असं तूच बोंबलत होता ना? म्हणून मी असं बसवून देल्लं, का झोपताना प्रोसेसरचा स्पीड एकदम खाली जाईन. चार्जर लावल्याशिवाय तो वर चढत नाही."

"मंग लाव चार्जर!"

"कुठं लावू? लाईन हाये काय गावात?"

दोघंही मयताच्या उशाशी आहेत हे विसरून बोलत होते. भावसिंग खाकरले. तेवढ्यात पडद्यावर निकिताचा निरोप उमटला, 'काहीच दिसून नाही राह्यलं. रेकॉर्ड करून पाठवलं. बाबाले ऐकवा.' गोपालनं तिच्या रेकॉर्डिंगवर बोट दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला, फिरतच राहिला. अंगणातली सगळी माणसं त्या गोलाकडे पाहत बसली. मयताकडे पाहायला कोणी उरलं नाही.

"बंद करून चालू कर," जमीर म्हणाला. "तेवढाच इलाज हाये."

गोपालनं बंद करून चालू केला. निळ्या पडद्यावर अक्षरं आली: 'अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.' जमीरनं कपाळावर हात मारला. अपडेटही आता त्याच मुंगीच्या चालीनं होणार होतं.

भावसिंग उठले. "सूर्य कलला, गोपाल. त्या पेटीपायी माणसाले असं ठेवता येते काय?"

विमलताईंनी पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडावर धरून त्यांनी मान हलवली.

मयत उचललं. मुलगा नव्हता म्हणून मडकं गोपालकडे आलं. त्यानं एका हातात मडकं घेतलं आणि दुसऱ्या काखेत लॅपटॉप मारला, तेव्हा मात्र भावसिंगांनी तो ओढून घेतला आणि ओट्यावर ठेवला. प्रेतयात्रा गेली. मागे बायका, रडणं आणि ते अपडेट राहिलं.

"एकोणचाळीस टक्के झाले," विमलताई मधूनच हुंदका आवरून सांगत. बायका क्षणभर थांबत, आकडा ऐकत, आणि पुन्हा रडू लागत.

पुरुष आंघोळी करून, कडुनिंबाचा पाला चावत परतले, तेव्हा वीज आली. जमीरनं चार्जर जोडला. आतला पंखा घूं करून फिरू लागला, यंत्राच्या अंगात एकदम वारं आलं. अपडेट झपझप संपलं. गोपालनं हळूच रेकॉर्डिंगवर बोट ठेवलं. लागेल असं त्याला वाटलंही नव्हतं. पण लागलं, आणि आवाज तसाच पूर्ण वाढवलेला. अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं.

"बाबा, मागच्या बाजाराच्या दिवशी तुमचा फोन आला तं मी कामात होती. उचलला नाही. माफ करा मले. तुमी जमीरभाऊच्या दुकानातून दर बाजाराले माह्याशी बोलता, हे मी आईले नाही सांगितलं. आन् आई गोठ्यात जाऊन बोलते, हे तुमाले नाही सांगितलं. दोघायनंही शपथ घातली होती. मी कोणाचीच मोडली नाही, बाबा."

पुढचं सगळं रडणं होतं. ते स्वच्छ, कुठेही न अडकता ऐकू आलं.

गोपाल जमीरकडे पाहत होता. जमीर जमिनीकडे.

"जमीर," विमलताई म्हणाल्या, "खरं हाये?"

"हो, मोठीआई. कोणाले सांगू नको म्हणाले होते."

"दुकानात कुठं बसत?"

"माह्या खुर्चीवर."

"पंखा होता?"

"होता."

रिकाम्या जागेकडे, जिथे सकाळपासून पुंडलिकराव निजवलेले होते, तिकडे वळून विमलताई चिडून म्हणाल्या, "दोन वरीस मी शेणात उभी राहून बोलली, आन् तुमी पंख्याखाली! सांगितलं असतं तं मीही आली असती ना बाजाराले."

आणि मग त्या अशा रडल्या, की भावसिंगांनाही तोंड फिरवावं लागलं.

रडणं ओसरल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. लॅपटॉप स्वतःच पुढे ओढून घेतला.

"लाव तिले फोन," त्या गोपालला म्हणाल्या. "आन् तुमी कोणी उठू नका. सगळ्यायसमोर बोलतो मी आता."