इमारतीची नाडी

मानपाड्याच्या आरोग्यधाम सोसायटीत गच्चीवरची टाकी झिरपत होती आणि ते पाणी सर्वांत वरच्या मजल्यावर, राजरत्नच्या घरात, नेमकं त्याच्या आईच्या पलंगावर पडत होतं. शांताबाईंना दमा होता. ओल वाढली की त्यांना धाप लागे. राजरत्नचं मागणं एवढंच होतं, की प्लंबर बोलवावा.

दुर्दैव असं, की सेक्रेटरी महेंद्र नुकतेच एका आयुर्वेद शिबिराला जाऊन आले होते. लोक अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात. महेंद्र नुसत्या वासाने झाले होते. ते कमिटीसह पाहणीला आले, भिंतीला तीन बोटं लावली आणि डोळे मिटले.

"कफ," ते म्हणाले. "इमारतीत कफ साचलाय. हा त्याचा स्राव."

"अहो, टाकी फुटलीय!"

"ते लक्षण झालं, राजरत्न. आपण मुळाशी जायचं. वेग रोखू नये, असं शास्त्रच सांगतं. शिंक दाबली की माणूस बिघडतो, गळती दाबली की इमारत."

सभेत 'गळती दाबू नये' या ठरावाच्या बाजूने भराभर हात वर गेले. प्लंबर नाही म्हणजे जादा वर्गणी नाही, आणि संस्कृतीची सेवा फुकटात. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टर क्षिप्रा खरोखरच आयुर्वेद शिकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, हे शरीरासाठी आहे. माझा नळ गळला तर मी प्लंबरच बोलावते." त्यांची इतिवृत्तात 'केवळ पदवीधर' अशी नोंद होऊन विषय संपला.

उपचार सुरू झाले. आधी लंघन म्हणून पाणी एकवेळ करण्यात आलं. कोरडे पाइप गुरगुरू लागले, तेव्हा 'वात वाढला' असं निदान होऊन पंपात तिळाचं तेल ओतलं गेलं. पंपाने मान टाकली. मग टँकर मागवावा लागला, टँकरवाल्याने टाकी काठोकाठ भरली आणि शांताबाईंच्या पलंगावर थेंबांची धार झाली.

"त्रास वाढला ना?" महेंद्र खुलून म्हणाले. "म्हणजे औषध लागू पडतंय!"

शांताबाईंना बसल्या जागी श्वास पुरेना. अख्ख्या सोसायटीतून तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या आवडाबाई तेवढ्या लसणीचं कोमट तेल घेऊन आल्या, छातीला चोळून गेल्या. शेवटी राजरत्नने आईला मोहने गावी, आपल्या बहिणीकडे नेऊन सोडायचं ठरवलं. निघताना शांताबाई धापा टाकत म्हणाल्या, "माझं काय रे, तुझ्या बिल्डिंगला आधी बरं वाटू दे." त्याचा जीव तुटला. सूचना फलकावर मात्र लागलं : 'गळतीची तक्रार उरलेली नाही.'

मग ती धार राजरत्नच्या फरशीतून खाली उतरली. खाली महेंद्र राहत होते. त्यांच्या नव्याकोऱ्या फॉल्स सीलिंगला फुगा आला आणि तासाभरात प्लंबर गच्चीवर हजर झाला.

"आणि वेग रोखायचा नव्हता ना?" राजरत्नने विचारलं.

"तुमचा आजार जुनाट होता," महेंद्र घाम पुसत म्हणाले. "जुनाटाला आयुर्वेद. हे तातडीचं."

टाकी दुरुस्त झाली. राजरत्नचं छत वाळलं, शांताबाई घरी आल्या. पुढच्याच सभेत आवडाबाई उभ्या राहिल्या. ही इमारत त्यांच्याच शेतावर उभी होती.

"माजे दारान गटाराचा पानी आयलाय. कई दुरुस्त करताव?"

महेंद्रनी या वेळी बोटं टेबलालाच लावली. "विरेचन! इमारतीचं पोट साफ होतंय, आवडाबाई. मध्येच थांबवलं तर अपाय होईल. दुरुस्ती नको, कबूल?"

भराभर हात वर गेले. राजरत्न थांबला. त्याला खरंच लाज वाटली. पण गटार दुरुस्त करायचं म्हणजे जादा वर्गणी, त्यात आईची औषधं, आणि आपल्याकडे तर आता टिपूसही गळत नव्हता. त्याने हात वर केला.

आवडाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुजे आयशीचे छातीला मीच त्याल चोललेला रं, पोरा."

राजरत्न छताकडे बघत राहिला. छत कोरडं ठणठणीत होतं. तुमचंही सध्या कोरडंच असेल. मग जरा आपला हात कुठे आहे, तेही बघून घ्या.