कडेकडेने ठोके

महादूमिस्त्री तुमच्या घरी आले की आधी बूड टेकणार नाहीत. खिशातली लहान हातोडी काढून खिडकीच्या गजावर टक्कन मारतील आणि कान लावतील. माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात त्यांनी मुलीकडच्या लोखंडी पलंगाची अशी परीक्षा घेतली आणि भर बैठकीत निकाल दिला, "ह्यो टिकायचा नाय." सोयरीक मोडता मोडता राहिली.

खोपोलीला शिळफाट्यावर माझ्या किराणा दुकानाला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान. "जोड मधनं जात नाय शेठ, कडेनं जातो," हे त्यांचं पालुपद. वेल्डिंग झालं की इतर मिस्त्री रंग फासून मोकळे होतात. हे मात्र जोड गार होऊ द्यायचे, कड कानशीने घासायचे आणि गोल तोंडाची छिन्नी लावून कडेकडेने ठोकत बसायचे. "लोखंड एका दणक्यानं नाय मोडत. रोजच्या हिसक्यांनी थकतं. ठोकलं की कड दबून घट्ट व्हते." तोवर गिऱ्हाईक ताटकळत माझ्याकडचे शेंगदाणे विकत घेऊन खाई, तेवढाच मला फायदा.

माझं फाटक त्यांनीच केलं. प्रत्येक जोडाभोवती खळगेच खळगे. बायको म्हणाली, "फाटकाला देवी येऊन गेल्या काय?" मी तणतणत गेलो. "मिस्त्री, फाटकाला कसला आलाय थकवा?"

"आदी तुमच्या फाटकावर हात बसवतो," ते शांतपणे म्हणाले. "मंग शालनच्या पायाला."

 शालन त्यांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, पोलिओने पोरीचा एक पाय अधू केला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. तरी शिकली आणि माथेरानच्या शाळेत बाई झाली. तिथे मोटारींना बंदी, सगळा चढउतार पायी. कॅलिपर घोट्यापाशी पुन्हा पुन्हा मोडायचा. मिस्त्री दरवेळी वेल्डिंग आणखी जाड करायचे आणि दरवेळी तो त्या जाड जोडाच्या कडेलाच तुटायचा. एकदा तर ती शाळेच्या उतारावर पोरांदेखत पडली. लोक म्हणाले, नोकरी सोडायला सांगा. "नोकरी नाय सुटायची," मिस्त्री म्हणाले आणि गावातली फाटकं, पलंग, टेंपोचे सांगाडे ठोकत सुटले.

कॅलिपर मोडला की शालन दुरुस्तीला खाली यायची, चार दिवस राहायची. मिस्त्री सुकटाची चटणी करायचे, दुकान लवकर बंद करायचे. बापलेकीचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

हात बसल्यावर त्यांनी कॅलिपरचा जोड ठोकून दिला. त्यानंतर तो मोडलाच नाही. शालन आली ती थेट दिवाळीला. मिस्त्रींनी कॅलिपर काढून घेतला, उजेडात धरून भिंगाखाली जोड पाहिला. कुठे चीर नव्हती.

"काय नाय झालं," ते म्हणाले. चांगली बातमी इतक्या पडलेल्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती. मला फार वाईट वाटलं. शालन आत गेल्यावर हळूच म्हटलं, "मिस्त्री, जरा कमी ठोकलं असतंत तर मधे पोरीची एखादी फेरी झाली असती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शेंगदाण्याच्या पोत्याकडे बघू लागलो. मग त्यांनी छिन्नी उचलली.

ठोके ऐकून शालन बाहेर आली. "आबा, आता कशाला? चांगला हाय की."

"हाय," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. "पुढल्या दिवाळीपातूर ऱ्हायाला पायजे."