अंधबिंदूतले हळबे सर

निवृत्तीनंतर संस्थेत खोली मिळाली नाही, म्हणून हळबे सर माझ्या उजव्या डोळ्याच्या अंधबिंदूत राहायला आले.

जागा त्यांच्या ओळखीची होती. दृष्टिपटलातून नस जिथे बाहेर पडते, तिथे पाहणाऱ्या पेशी नसतात. तेवढ्या तुकड्यात माणसाला काहीच दिसत नाही. सरांनी उभी हयात या रिकाम्या जागेच्या संशोधनात घालवली होती, आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. डावा डोळा अशा वेळी उजव्याची उणीव भरून काढतो, पण सरांनी त्याच्याकडून आधीच ना-हरकत घेतली होती. मला मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी ‘हो’च म्हटलं असतं. मला नाही म्हणायला जमत नाही.

“तक्रार म्हणून नाही सांगत,” सर दुसऱ्या दिवशी म्हणाले, “पण तू सारखी मोबाइलमध्ये बघतेस. मला पाय दुमडून बसावं लागतं.”

म्हणून मी रोज गच्चीत जाऊन समोरच्या टेकडीकडे बघू लागले. लांब बघितलं की त्यांची खोली ऐसपैस होते. सजावटीचा प्रश्न राहिलाच. अंधबिंदू रिकामा दिसू नये म्हणून मेंदू तिथे आजूबाजूचंच काहीतरी भरतो. मी ओट्याशी असले की सरांच्या खोलीत फरशा, हॉलमध्ये असले की फुलाफुलांचा पडदा. झोपायला त्यांना कोरी भिंत लागायची.

घरात बाकी सगळ्यांना सर दिसत. सासूबाई त्यांना दोन्ही वेळ वाढत. “चांगलं जेवतात हो,” त्या म्हणत, “आपल्या हर्षलसारखी भेंडी बाजूला नाही काढत.” हर्षल म्हणजे माझा नवरा. तो भेंडी बाजूला काढत राही.

काळजी वेगळीच होती. सोमवारी माझी वाढवून घेतलेली बाळंतपणाची रजा संपत होती आणि वल्लरी अजून चालत नव्हती. सोफा धरून उभी राहायची, एक हात सोडायची, विचार करायची आणि खाली बसायची. तिचं पहिलं पाऊल मी प्रयोगशाळेत असताना पडणार, याची मला खात्री होती. पाळणाघरातल्या बाई फोनवर सांगणार, मी “अरे वा!” म्हणणार आणि तपासायला ठेवलेल्या बोकडाच्या डोळ्यासमोर बसून रडणार. वर भीती ही, की घरी असताना पडलं तरी ते नेमकं अंधबिंदूतच पडेल.

शनिवारी मी धीर केला.

“सर, सोमवारपर्यंत जागा रिकामी करता का?”

सरांनी हे शांतपणे ऐकलं असावं. मला दिसत नाहीत, त्यामुळे अंदाजच.

“रिकामी करतो. पण मी गेलो म्हणून तुला तिथलं दिसायला लागेल का?”

“नाही.”

“मग फरक एवढाच, की तिथे बघणारं कोणी उरणार नाही.”

मी जागेचा विषय तिथेच सोडला. तोंडी परीक्षेतही सरांनी मला असंच अडवलं होतं.

रविवारी दुपारी मी हॉलमध्ये वल्लरीसमोर मांडी घालून बसले. तिने सोफा धरला, एक हात सोडला, मग दुसरा सोडला. मी पापणीसुद्धा लववली नाही. ती किंचित माझ्या उजवीकडे वळली, आणि मला फुलाफुलांचा पडदा दिसला.

“अगं चालली!” सासूबाई ओरडल्या. “चालली की गं पोर!”

“तू समोरच बसली होतीस ना?” हर्षल म्हणाला. “बघितलंस?”

मी पडद्याकडे बघत राहिले. फार व्यवस्थित भरलेला पडदा होता. एक फूलही चुकलं नव्हतं.

“सर?”

“डावं पाऊल आधी,” सर म्हणाले. “मग थांबली. पायाकडे बघितलं, तो कोणाचा आहे असं. मग उजवं. तोंड उघडं, लाळ गळत होती. मग हसली.”

“पडली का?”

“पडत होती. मी धरली.”

“आता कुठे आहे?”

“कडेवर. मान वळवू नकोस, आम्ही दोघंही फिरू. तिला गरगरेल.”

“सर, नीट धरलंय ना? मानेखाली हात आहे ना?”

“ती वर्षाची आहे गं. मान धरते. आता डोळे चोळतेय.” जरा वेळाने ते कुजबुजले, “झोपतेय बहुतेक. फुलं जरा काढतेस का?”

मी जागेवरूनच हळूच नजर कोऱ्या भिंतीकडे नेली आणि तिथेच ठेवली. हर्षलने चहा आणला. “डावीकडून दे,” मी म्हणाले, आणि मान न हलवता हात पुढे केला.